बहिणीची सोनोग्राफी नॉर्मल आहे, तरी बीपीसाठी किडनीचं डॉपलर का सांगितलं?

तुमची बहीण 26 वर्षांची. तीन गोळ्या घेऊनही बीपी 170/110 आणि पोटाची सोनोग्राफी नॉर्मल. मग डॉपलर म्हणजे उगाच खर्च का, असं तुम्ही विचारलंय. उगाच नाही. मी परळला बारा वर्षं डॉपलर करते आहे. इतक्या कमी वयात एवढं बीपी दिसलं की मला काळजीच वाटते.

साध्या सोनोग्राफीत किडनी दिसते, पण तिला रक्त नेणारी धमनी तपासलेली असतेच असं नाही. ती अरुंद झाली की किडनीला रक्त कमी पोचतं, मग किडनी रेनिन नावाचं रसायन सोडते आणि बीपी चढतं. अमेरिकन डॉक्टर गोल्डब्लॅट यांनी 1934 मध्ये कुत्र्यांच्या याच धमनीला चिमटा लावला की बीपी चढतं, हे दाखवलं. डॉपलरमध्ये आम्ही रक्ताचा वेग मोजतो. तो सेकंदाला साधारण 200 सेंटिमीटरच्या वर गेला की संशय बळावतो.

पोटात गॅस असला की मात्र धमनी लपते. सकाळचा पहिला नंबर घ्या, रात्रीपासून उपाशी ठेवा. लोकल पकडण्याआधीचा चहासुद्धा नको. गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

माझ्याकडे आलेल्या एका मुलीच्या जुन्या रिपोर्टात ‘धमन्या नीट दिसल्या नाहीत’ असं लिहिलं होतं. घरच्यांनी ते नॉर्मल समजून वर्ष घालवलं. तसं आलं तर पुढे सीटी अँजिओ, म्हणजे शिरेतून औषध देऊन धमन्यांचा काढलेला सीटी स्कॅन, लागतो. त्याआधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कसं काम करते ते सांगणारी रक्ततपासणी, बघतात. गरोदर असण्याची शक्यता असेल तर आधीच सांगायचं.

आणखी एक, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे तरुण मुलींमध्ये ताकायासू, म्हणजे महाधमनी आणि तिच्या फांद्यांना सूज येण्याचा आजार, बऱ्याचदा निघतो. त्यात हाताचीच धमनी अरुंद असली तर त्या हाताचं बीपी खोटं कमी दिसतं. कपडे पिळताना हात भरून येतो का, एका मनगटाची नाडी मंद लागते का, तिला विचारा. तसं असेल तर सीटी फक्त किडनीपुरता करून भागत नाही, मानेपासूनच्या धमन्या बघाव्या लागतात.

किडनीची धमनी अरुंद होण्याचं दुसरं कारण फायब्रोमस्क्युलर डिसप्लेजिया, म्हणजे धमनीच्या भिंतीची वाढ बिघडण्याचा आजार. त्यात धमनी मण्यांच्या माळेसारखी दिसते आणि फुग्याने रुंद केली की बीपी बरेचदा उतरतं. म्हाताऱ्या माणसांच्या चरबी साठलेल्या धमनीचं गणित वेगळं. त्यांच्या स्टेंटच्या गोष्टी ऐकून घाबरू नका.

उद्याच दोन्ही हातांचं बीपी मोजून घ्या आणि दोन्ही आकडे डॉपलरच्या चिठ्ठीवर लिहून आणा.