गच्ची एकच, मागण्या चार

या वेळी सोलापुरातल्या अपार्टमेंटमधून आलेली बहुतेक पत्रं गच्चीभोवती फिरतात. कुणाला ती थंड करायची आहे, कुणाला तिच्यावरचं पाणी अडवायचं आहे, तर कुणाला वीज हवी आहे. (कुरडया वाळवायला जागा उरेल का, असंही एकीनं विचारलंय. प्रश्न रास्त आहे, उत्तर पुढे आहे.)

प्रश्न : होटगी रोडवर आमची बारा वर्षांची तीन मजली इमारत आहे. वरच्या मजल्यावरची घरं मार्चपासून मध्यरात्रीपर्यंत तापलेली असतात आणि पावसात त्याच घरांच्या छताला ओल येते. कमिटीपुढे तीन कोटेशन आहेत : पांढरा रंग, चायना मोझेक (पांढऱ्या टाइलच्या तुकड्यांची फरशी) आणि पत्र्याचं शेड. कोणतं निवडावं? (सचिव, गृहनिर्माण संस्था)

ओल आहे म्हटल्यावर रंगाचं कोटेशन आधी बाजूला ठेवा. ओल्या कोब्यावर (स्लॅबवरच्या वीटतुकडे-सिमेंटच्या थरावर) मारलेला रंग आतल्या वाफेनं फुगतो आणि दुसऱ्या उन्हाळ्यात त्याचे पापुद्रे निघतात. पत्र्याच्या शेडला महापालिकेची परवानगी लागते, मेमधल्या वळवाच्या वाऱ्यात पत्रे उडायची भीती असते, आणि उद्या सोलर बसवायचं ठरलं तर सगळा सांगाडा नव्यानं तपासावा लागतो. तुमच्यासाठी चायना मोझेकच बरं.

घर रात्री का तापतं, तेही समजून घ्या. दिवसभर प्यायलेलं ऊन स्लॅबमधून खाली उतरायला काही तास लागतात. दुपारी चारचं ऊन रात्री नऊ-दहाला तुमच्या पंख्याखाली पोचतं. जुन्या पेठांतल्या माळवदाला हा त्रास कमी, कारण मातीचा थरच एवढा जाड की उष्णता खाली पोचेपर्यंत रात्रीचा गारवा सुरू झालेला असतो. पाच इंची स्लॅबला हे जमत नाही, म्हणून ऊन वरच्या वर परतवायचं. पांढऱ्या गच्चीमुळे खालच्या खोलीत साधारण दोन ते चार अंशांचा फरक धरा. त्याहून जास्त सांगणाऱ्या कंत्राटदाराकडून ते लिहून घ्या.

काम करताना जुना कोबा पोकळ वाजत असेल तर तो काढायलाच लावा. चार इंची वीटबॅट कोब्याचं वजन दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भरतं. जुन्यावर नवा चढवला तर ३०० चौरस मीटरच्या गच्चीवर तुम्ही ६० टन वाढवलेत. स्ट्रक्चरल इंजिनिअरला न विचारता हे करू नका. कोबा काढल्यावर स्लॅबच्या भेगा भरून घ्या. कठडा आणि स्लॅब मिळतात त्या कोपऱ्यात गोल वाटा (सिमेंटची गोलाई) मारून घ्या, कारण निम्मी गळती तिथूनच सुरू होते. उतार १०० सेंटिमीटरला किमान एक सेंटिमीटर हवा. मोझेक बसवण्याआधी पाणी उतरायची तोंडं बंद करून गच्चीत दोन-तीन इंच पाणी ४८ तास उभं ठेवा आणि खालच्या घरांत खडूनं खुणा करत फिरा. ही चाचणी मोझेकनंतर केली तर दोष सापडूनही उपयोग नाही, वरचं सगळं फोडावं लागतं.

हे काम डिसेंबर ते फेब्रुवारीत काढा. मेमध्ये सिमेंट पाणी मारेपर्यंतच सुकतं आणि केसासारख्या बारीक भेगा पडतात. शिवाय चार-पाच दिवसांआड नळ येणाऱ्या इमारतीत क्युरिंगला पाणी कुठून आणणार?

आणखी एक. पुढे सोलर बसवायचा विचार असेल तर त्याच्या खांबांचे सिमेंटचे ओटे कोब्याच्या आधी, स्लॅबवरच बांधून घ्या. नव्या मोझेकमध्ये ड्रिल मारून खांब रोवणं म्हणजे वॉटरप्रूफिंगला स्वतःच्या हातानं भोकं पाडणं. याच वेळी जिन्याच्या बाजूचा दहा बाय दहाचा तुकडा मोकळा ठेवा. कुरडया, सांडगे, लोणच्याच्या फोडी तिथे वाळतील.

प्रश्न : जुळे सोलापुरात आमच्या इमारतीनं पावसाच्या पाण्यासाठी चार फूट खोल शोषखड्डा केला. पाणी मुरतच नाही, आठवडाभर साचून डास होतात. बोअर तर मार्चमध्येच आटतो. काय चुकलं? (फ्लॅटधारक)

खड्डा काळ्या मातीतच संपलाय. काळी माती भिजली की फुगते आणि तिच्यातली छिद्रं बंद होतात. आत पाणी साचतं ते मातीच्या मडक्यात साचल्यासारखं. खड्डा काळी माती ओलांडून मुरमात उतरला पाहिजे. मुरूम किती खोलीवर आहे ते शेजारच्या प्लॉटचा पाया खणताना दिसतं, किंवा तुमच्या बोअरवाल्यानं नोंद ठेवली असेल तर त्यात. खाली अखंड काळा पाषाण लागला, तर खड्डा कितीही मोठा करा, पाणी हलणार नाही. मग गाळलेलं पाणी थेट बोअरमध्ये सोडणं हाच रस्ता.

दोन मीटर लांब-रुंद आणि मुरमात पोचेल इतका खोल खड्डा घ्या. तळाला फुटबॉलएवढे दगड, वर खडी, त्यावर बारीक खडी आणि सगळ्यात वर एक फूट जाड वाळू. वाळूखाली नायलॉनची जाळी टाका, नाहीतर दोन पावसांत वाळू खडीत उतरते. दर मेअखेरीला वरची दोन-तीन इंच वाळू काढून धुवा. साठलेला गाळ काढला नाही तर चांगला खड्डाही तीन-चार वर्षांत मडकं होतो. पायापासून तीन मीटर आणि सेप्टिक टँकपासून किमान दहा मीटर लांब राहा.

आता पहिल्या पावसाचं पाणी. धूळ, कबुतरांची विष्ठा, पानं घेऊन येणारं हे पाणी बाजूला काढण्यासाठी बहुतेक ठिकाणी उतरत्या पाइपाला मीटरभर लांबीचा चार इंची तुकडा जोडून खाली टोपण लावतात. त्यात मावतं फक्त आठ लिटर! एका पाइपावर ६० चौरस मीटर गच्ची येत असेल आणि पहिला दोन मिलिमीटर पाऊस टाकायचा असेल तर १२० लिटर वळवायला हवेत. एवढ्यासाठी जुना २०० लिटरचा प्लास्टिक ड्रम बरा. तळाशी तीन मिलिमीटरचं छिद्र ठेवा, म्हणजे पाऊस थांबल्यावर तो आपोआप रिकामा होतो. हे छिद्र मुंग्या आणि चिखल बुजवतात, तेव्हा हंगामात पंधरा दिवसांनी तारेनं मोकळं करा. छिद्र बुजलं की ड्रम भरलेलाच राहतो आणि पुढच्या पावसाचं पहिलं घाण पाणी सरळ बोअरमध्ये जातं.

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. २५० चौरस मीटर गच्ची, वर्षाला ६०० मिलिमीटर पाऊस, वीस टक्के वाया धरला तरी १ लाख २० हजार लिटर होतात, म्हणजे दहा हजारी बारा टँकर. बोअर भरण्याआधी यातलं जमेल तेवढं संपमध्ये (जमिनीखालच्या टाकीत) घ्या, असं आमचं मत. बोअरमध्ये सोडलेलं पाणी तुम्हालाच परत मिळेल याची खात्री नसते, संपमधलं मिळतं. पिण्याला नाही, पण वापराला चालतं. फक्त गच्चीला चुना मारला असेल तर पहिले दोन मोठे पाऊस संपपासून दूर ठेवा. गाड्या धुतलेलं पाणी मात्र खड्ड्यात किंवा बोअरमध्ये चुकूनही जाऊ देऊ नका.

प्रश्न : विजापूर रोडवर आमचे २४ फ्लॅट आहेत. लिफ्ट, पंप आणि जिन्याच्या दिव्यांचं सामाईक बिल फार येतं. एजंट १५ किलोवॉटचं सोलर सुचवतो. एवढं लागेल का? (खजिनदार)

बाराही महिन्यांची बिलं समोर ठेवा आणि रुपयांऐवजी युनिट बघा. महिन्याला सरासरी ९०० युनिट असतील तर दिवसाला ३० झाले. एक किलोवॉट सोलापुरात दिवसाला सरासरी चार युनिट देतं, म्हणजे साडेसात-आठ किलोवॉट पुरे. नेट मीटरवर (घेतलेल्या विजेतून दिलेली वीज वजा करणारा मीटर) साठलेली जादा वीज वर्षाअखेरी फार कमी दरानं जमा होते, तेव्हा पंधरा किलोवॉटचा फायदा एजंटला. पीएम सूर्यघर योजनेत संस्थांच्या सामाईक वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. पॅनेल मात्र देशी सेलचं हवं, कोटेशनमध्ये तसा उल्लेख मागा.

सावलीची पाहणी मेमध्ये झाली असेल तर ती ग्राह्य धरू नका. मेच्या मध्याला भर दुपारी सोलापुरात सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा पाण्याच्या टाकीची सावली पायाशीच पडते. २१ डिसेंबरला दुपारी बारालाही तीन मीटर उंच टाकीची सावली उत्तरेला अडीच मीटरहून लांब जाते, आणि सकाळी नऊला त्याहून कितीतरी जास्त. टाकी आणि लिफ्टच्या खोलीच्या दक्षिणेची जागा पॅनेलला द्या. एका पॅनेलच्या कोपऱ्यावरची सावली त्या रांगेतल्या बाकीच्या पॅनेलचंही उत्पादन खेचते. पॅनेल १७-१८ अंशांत दक्षिणेकडे कललेलं आणि दोन रांगांत माणूस बादली घेऊन जाईल एवढी वाट ठेवलेली असावी.

फेब्रुवारी ते मे दर दहा-पंधरा दिवसांनी धुवा, सकाळी आठच्या आत. तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका. बोअरचं पाणीही नको. सुकल्यावर उरणारे पांढरे डाग पुढे घासूनही जात नाहीत.

सभासदांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवा, नाहीतर पहिल्याच दिवशी भांडण होईल. वीज गेली की असं सोलरही बंद पडतं. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टर स्वतःच थांबतो. लिफ्टला बॅकअप वेगळाच लागेल.

प्रश्न : सोलर हीटरचं गरम पाणी दोन वर्षांत बारीक धारेनं येऊ लागलं. (गृहिणी, अक्कलकोट रोड)

क्षार साठलेत. पाणी ६० अंशांपुढे तापलं की कॅल्शियम भराभर बसतो, आणि आपल्या उन्हाळ्यात ते सहज तेवढं तापतं. एप्रिल-मेमध्ये निम्म्या नळ्यांवर पोतं किंवा ताडपत्री टाका. हीटरला बोअरऐवजी नळाचं पाणी जोडून घ्या आणि वर्षातून एकदा टाकी तळातून रिकामी करा. नवा घेत असाल तर खाऱ्या पाण्याला काचेच्या नळ्यांचा बरा, तांब्याच्या बारीक नळ्या लवकर तुंबतात.

प्रश्न : पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदे लावले, तरी बेडरूम भट्टी. (भाडेकरू, सात रस्ता)

आतला पडदा ऊन काच ओलांडून आल्यावर अडवतो. बांबूचा चिक किंवा हिरवी नेट खिडकीच्या बाहेर, काचेपासून अर्धा फूट सोडून लावा. आणि कूलर चालू असताना समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवा. बंद खोलीत तो अर्ध्या तासात नुसती ओल करतो.