आंतरमहाविद्यालयीन मॅचमध्ये समोरच्या कॉलेजच्या सपोर्टर्सबद्दल रिस्पेक्ट ठेवता येतो का, की भांडण ठरलेलंच?

येतो की. कामून नाही येणार? ज्याला येत नाही त्याला खेळ कळत नाही, स्पष्टच सांगतो.

आमचं कॉलेज बीड जिल्ह्यातलं, समोर धाराशिवचं, खो-खोची फायनल, मैदान औरंगाबादचं (आता संभाजीनगर). खो-खोत धाराशिवच्या पोरांना हरवणं किती अवघड हे मराठवाड्यात कोणाला सांगायची गरज नाही. हुर्यो झाली, शिव्या झाल्या, एका टचवरून पंचांना घेराव झाला अन् आम्ही हरलो. रात्री स्टँडवर बघतो तर सोलापूरच्या गाडीला आम्ही पण अन् तीच पोरं पण, रस्ताच बीडवरून जातो म्हणल्यावर काय करता. आधी सीटवरून वाजलं. पाचोड येईस्तोवर कोणी कोणाशी बोलेना. मग त्यांच्यातला एकजण मागं वळून आमच्या रनरला म्हणतो, भावा तू ती सिंगल चेन (बसलेल्या गड्यांमधून नागमोडी पळणं) कुठं शिकला, 9 मिनिटांच्या डावात अडीच मिनिटं एकटा खाल्ली की तू. झालं! गेवराईपर्यंत पोल डाईव्ह (खांबाजवळ झेप टाकून गडी बाद करणं) कशी मारायची याचा क्लास, त्यांचा ठेचा, आमच्या भाकरी, अन् पंचांना शिव्या आता दोघांच्या मिळून.

पुढं त्यांचे अन् आमचे खेळाडू विद्यापीठाच्या टीममध्ये एकाच जर्सीत वेस्ट झोनच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला गेले. ज्याची हुर्यो केली त्याच्याच नावानं ओरडायची पाळी आली.

आमचा एक दोस्त तेव्हा बसमध्ये तोंड फिरवून बसला होता, तो मला अजून फितूर म्हणतो. कट्टर नाही तो सपोर्टरच नाही म्हणे. अरे बाबा, 2016 च्या साउथ एशियन गेम्सला भारताच्या महिला खो-खो टीमची कॅप्टन असलेली सारिका काळे धाराशिवचीच ना? तिला 2020 ला अर्जुन मिळाला तेव्हा ‘आपल्या मराठवाड्याची लेक’ असं स्टेटस सगळ्यात आधी कोणी ठेवलं? यानंच! तेव्हा कुठं गेलं होतं बीड?

हां, एक राहिलं. मुलींच्या मॅचला कॉमेंट मारणारे अन् दगड उचलणारे, त्यांना कसला रिस्पेक्ट, सरळ सरांना सांगायचं. अन् मी बोलतोय ते खो-खो, कबड्डीचं. पुढाऱ्याच्या बक्षिसावर होणाऱ्या टेनिस बॉल टूर्नामेंटचं मला विचारू नका, तिथं पोरं टीमसाठी नाही, बॅनरवरच्या भाऊंसाठी ओरडतात.