ताज्या व्यालेल्या गाईला बायपास फॅट

भाऊ, गाय व्याल्यावर दूध दीड महिन्यात शिगेला पोचतं, भूक पूर्ण खुलायला मात्र अडीच-तीन महिने लागतात. मधली तूट ती अंगावरची चरबी जाळून भरते. यकृताला ती चरबी पेलली नाही की किटोसिस: गाय पेंड सोडते, नुसता कडबा चघळते, तोंडाला गोडसर वास येतो.

बायपास फॅट, म्हणजे पहिल्या पोटात न विरघळता पुढे जाऊन पचणारी चरबी, ही तूट कमी करण्यासाठीच, पण त्याऐवजी सुटं तेल ओतू नका! तंतू पचवणारे पोटातले जंतू त्याने दबतात, चारा पचत नाही, दुधाची फॅट पडते. कॅल्शियमवालं बायपास फॅट घ्या. रोज 50 ग्रॅमपासून सुरू करून आठवडाभरात 150 वर न्या. 20 लिटरच्या गाईलाही 200 पुरे. भरड्यात कालवूनच द्या, नुसत्या वासाने गाय गव्हाणीत तोंड घालत नाही. सरकी चालू असेल तर तीही हिशेबात धरा. एकूण स्निग्धांश कोरड्या खाद्याच्या 6 टक्क्यांपुढे नको.

सिन्नर-निफाडच्या गोठ्यांत ऐकू येतं की फॅटने किटोसिस बरा होतो. अजिबात नाही. त्यातून रक्तातली साखर जवळपास बनतच नाही. कधी दूध वाढतं नि तूट तशीच राहते. साखरेसाठी मक्याचा भरडा, आजार दिसलाच तर डॉक्टरांना विचारून प्रोपिलीन ग्लायकोल, म्हणजे अंगात साखर बनवणारं पातळ औषध. आणि आटलेल्या काळात गाय लठ्ठ करू नका, व्याल्यावर तीच सगळ्यात कमी खाते.