तज्ज्ञांची भेट चार महिन्यांनी. तोवर रुग्णाच्या हातात काय?

उपचारांचे पर्याय संपत आलेत, तज्ज्ञांची पुढची वेळ चार महिन्यांनी आहे, तोवर आपण काय करू शकतो, असं तुम्ही विचारलंय. बरंच काही. मात्र औषधं स्वतःच्या मनाने बदलणं त्यात येत नाही.

आधी 'पर्याय नाही' म्हणजे नेमकं काय ते विचारून घ्या. उपचारच अस्तित्वात नाही, आहे पण या रुग्णालयात मिळत नाही, की आहे पण सध्याच्या तब्येतीला झेपणार नाही? मिळत नसेल तर दुसरीकडे पाठवणारं पत्र मागा. झेपणार नसेल तर वजन, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) यांपैकी काय कितीवर आलं की पुन्हा विचार होईल, तो आकडा लिहून घ्या.

मग फाइल. सीटी-एमआरआयचा नुसता रिपोर्ट पुरत नाही. डायकॉम या स्कॅनच्या मूळ फाइल स्वरूपातल्या प्रतिमा सीडी किंवा पेनड्राइव्हवर घ्या. बायोप्सी झाली असेल तर स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेला नमुन्याचा तुकडा) दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवण्यासाठी मागता येतात. सगळ्यात वर एकच पान ठेवा: औषध, मात्रा, कधीपासून कधीपर्यंत, का थांबवलं. शेवटचा रकाना हमखास रिकामा दिसतो, आणि तोच महत्त्वाचा. 'गुण आला नाही' आणि 'सोसलं नाही' या वेगळ्या गोष्टी आहेत. न सोसलेलं औषध कधीकधी कमी मात्रेत पुन्हा देता येतं.

घरच्या मोजमापाला किंमत तेव्हाच, जेव्हा ते दर वेळी एकाच पद्धतीने होतं. रक्तदाबाचंच घ्या. आधीचा अर्धा तास चहा-कॉफी, धूम्रपान, व्यायाम नको. पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसा, दंड हृदयाच्या पातळीला ठेवा, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. सकाळ-संध्याकाळ सात दिवस असं करा, पहिला दिवस सोडून सरासरी काढा. पट्टा दंडाला लहान पडत असेल तर आकडा खोटाच जास्त येतो. १९६९ मध्ये रिचर्ड बर्नस्टीन या मधुमेही इंजिनिअरने डॉक्टर पत्नीच्या नावावर ग्लुकोमीटर मिळवला, कारण तेव्हा तो रुग्णांना विकतच नसत. आज यंत्र सहज मिळतं, शिस्त मिळत नाही.

आहार, झोप किंवा व्यायामात बदल करून पाहायचा असेल तर आधी दोन आठवडे काहीही न बदलता नोंदी ठेवा, मग एका वेळी एकच बदल. त्रास शिगेला पोचला की माणूस नवा उपाय धरतो, आणि चढउतार असलेला आजार तसाही थोडा उतरणारच असतो. श्रेय उपायाला जातं. म्हणून बदल मागे घ्या, पुन्हा सुरू करा, आणि दोन्ही वेळच्या नोंदी ताडून पाहा.

काही औषधं मात्र अचानक सोडायची नाहीत म्हणजे नाहीत: तीन आठवड्यांहून जास्त घेतलेली स्टेरॉइड, बीटा-ब्लॉकर आणि क्लोनिडीन ही रक्तदाबासाठी दिली जाणारी औषधं, फिट्सची औषधं. 'नैसर्गिक' गोळ्याही यादीत लिहा. केसांसाठीच्या बायोटिनचा मोठा डोस थायरॉइड आणि ट्रोपोनिनच्या (हृदयविकाराचा झटका ओळखण्यासाठीच्या) तपासण्या चुकवू शकतो.

क्लिनिकल ट्रायल, म्हणजे नव्या उपचाराची रुग्णांवरची चाचणी, शोधताना समावेशाचे आणि वगळण्याचे निकष आधी वाचा. निम्मा वेळ तिथेच वाचतो. पहिल्या टप्प्याच्या चाचणीचा मुख्य हेतू सुरक्षितता आणि मात्रा तपासणं हा असतो, बरं करणं नव्हे. सहभागासाठी मोठी रक्कम मागत असतील तर सही करण्याआधी एथिक्स कमिटीच्या (चाचणीत रुग्णांचं हित जपलं जातंय का ते तपासणाऱ्या समितीच्या) मंजुरीचा कागद मागा आणि तो तुमच्या डॉक्टरांना दाखवा.