आधी बॅग रिकामी कर

चि. बाळास,

तू पाठवलेला खोलीचा फोटो मी आधी पाहिला, पत्र नंतर वाचलं. सोबतची यादीही वाचली, सदतीस वस्तूंची. पण माझी नजर अडकली ती कॉटच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या बॅगेवर. चेन अर्धी उघडी, आतून टॉवेलचं टोक लोंबतंय, वर उद्या घालायचा शर्ट टाकलेला. तुला तिथे जाऊन सहा आठवडे झाले. मागे कपाटाचं दार उघडं दिसतंय आणि त्यातले दोन कप्पे कोरे आहेत.

खोली आपली वाटावी म्हणून यातलं आधी काय घेऊ, असं तू विचारलंयस. काहीच घेऊ नकोस. आधी बॅग रिकामी कर.

तुला दिव्यांच्या माळेबद्दल आणि भिंतीवरच्या चित्रांबद्दल बोलायचं होतं, ते कळलं मला. त्यावर येते. पण त्याआधी तुझं एक वाक्य: "पुढच्या वर्षी खोली बदलेल, कदाचित कॉलेजच बदलेन, तोवर कशाला सगळं लावायचं?" हे वाक्य मी तीनदा वाचलं. याच शब्दांत मी माझ्या आईला उत्तर द्यायचे.

मी तीन वर्षं हॉस्टेलवर काढली आणि तिन्ही वर्षं बॅगेतूनच कपडे काढून घातले. धुतलेले कपडे घडी करून परत बॅगेत. पुस्तकं कॉटखालच्या खोक्यात. तळातलं पुस्तक हवं असलं की वरची आठ-नऊ बाहेर काढावी लागायची, म्हणून कितीदा तरी मी ते पुस्तक वाचलंच नाही. गेल्या वर्षी माझी तेव्हाची रूममेट एका लग्नात भेटली. जुन्या गोष्टी निघाल्या आणि ती सहज म्हणून गेली, "तुझ्याशी मैत्री करावीशी वाटायची गं, पण तुझी बॅग बघितली की वाटायचं, ही आज ना उद्या जाणार. हिला कशाला जीव लावायचा?" दोन हातांच्या अंतरावर आम्ही तीन वर्षं झोपलो. तिच्या आईचं नाव मला त्या लग्नात पहिल्यांदा कळलं.

माझ्या बॅगेला कारण होतं, तेही सांगते. घरी वडील आजारी होते. कधीही निरोप येईल, तसंच उठून निघावं लागेल, हे सतत डोक्यात. मी बेफिकीर नव्हते आणि आळशी तर नव्हतेच. ज्याच्या घरात दुखणं असतं त्याचा एक पाय उंबऱ्याबाहेर असतो, यात चूक काही नाही, आजही मला तसंच वाटतं. निरोप आला तो दुसऱ्या वर्षाच्या शेवटी. मी निघाले, वडील त्यातून उठलेही. परतीच्या प्रवासात मी हिशोब केला: बॅग भरलेली होती म्हणून माझी किती मिनिटं वाचली? दहा. चार कपडे, औषधं, पैसे, ओळखपत्र भरायला दहा मिनिटं पुरतात. हे कळूनही तिसऱ्या वर्षी मी बॅग रिकामी केली नाही. वडिलांचं कारण संपलं होतं, उरली होती ती सवय. त्याचा मला अजून पस्तावा होतो.

आता मी एका रात्रीसाठी कुठे मुक्कामाला गेले तरी कपडे काढून कपाटात लावते. घरचे म्हणतात, कशाला, सकाळी तर निघायचंय. म्हणू देत.

नुसत्या नीटनेटकेपणासाठी मी हे सांगत नाहीये. जिची बॅग भरलेली असते ती त्या खोलीत पाहुणी असते, आणि पाहुणी माणूस काही मागत नाही. माझ्या कॉटजवळच्या खिडकीची कडी तुटलेली होती. रोज रात्री मी वर्तमानपत्राची घट्ट घडी करून फटीत खुपसायचे. एक अर्ज लिहिला असता तर कडी बसली असती. तीन वर्षांत तो अर्ज मला सुचला नाही, कारण खिडकी माझी नव्हतीच. तुझ्या पत्रात तेच आहे, नीट बघ. ट्यूबलाइट पहिल्या दिवसापासून लुकलुकतेय, आणि यादीत तू टेबललॅम्प लिहिलायस! लॅम्प घेच, तो लागतोच. पण ट्यूबलाइटबद्दल वॉर्डनला लेखी दे, तारीख घाल, एक प्रत स्वतःकडे ठेव. तोंडी सांगितलेलं विसरलं जातं.

तर आज रात्री काय करायचं ते ऐक. बॅगेतलं सगळं कॉटवर ओत. कॉटवरच, म्हणजे ते जागी लागेपर्यंत झोपता येणार नाही. रोज लागणारं कमरेपासून डोळ्यांपर्यंतच्या कप्प्यांत, आठवड्यातून एकदा लागणारं खाली, क्वचित लागणारं वर. कागदपत्रं एका फाइलमध्ये, कुलपात. रिकामी बॅग उन्हात किंवा टॉर्चच्या उजेडात तपास: शिवणी, चेनच्या कडा, चाकांच्या खाचा. ढेकूण एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातात ते बॅगांमधूनच. पूर्ण वाढलेला ढेकूण साधारण 5 मिलिमीटरचा असतो, सफरचंदाच्या बीएवढा, चपटा, तांबूस तपकिरी. गादीच्या शिवणीही उलगडून बघ. तिथे शाईचे टिपके उमटल्यासारखे काळे डाग दिसले तर गप्प बसू नकोस आणि स्वतः फवारणीही करू नकोस. फवाऱ्याने ते भिंतीच्या फटींत पांगतात, आणि रक्त न मिळता महिनोन्महिने जगू शकतात. वॉर्डनला सांग. शेजारच्या खोल्याही तपासाव्या लागतात. यात लाजण्यासारखं काही नाही, स्वच्छ माणसाच्या गादीतही ते येतात.

मग छोटी बॅग मोठीत घाल आणि मोठी कपाटावर टाक. डोळ्यांसमोर नको.

आता तुझी यादी. अर्ध्याहून जास्त मी खोडली आहे, रागावू नकोस. गादीला चेनचं कव्हर, टेबललॅम्प, कपडे वाळवायचा घडीचा स्टँड, कानात घालायचे बोळे, चांगला एक्स्टेंशन बोर्ड, हे राहू दे. माळ आणि चित्रं सहा महिन्यांनी. तोवर तुला कळेल की तू त्या भिंतीकडे बघतेस की नाही.

एक्स्टेंशन बोर्डासमोर तू "कुठलाही चालेल" लिहिलंस. नाही चालत. भिंतीतला लहान सॉकेट 6 अँपिअरचा असतो. 230 व्होल्टला त्यातून जास्तीत जास्त 1380 वॉट घेता येतात. पाणी तापवायच्या किटलीवर बहुधा 1500 वॉट लिहिलेलं असतं, म्हणजे ती एकटीच त्या सॉकेटला भारी. आमच्या मजल्यावर एकीने थंडीत बोर्डाला पाण्याचा रॉड लावला. मला अजून तो वास आठवतो, जळक्या प्लास्टिकचा, मासळीसारखा. धावत गेलो तर पिन बोर्डात वितळून चिकटली होती, ओढून निघेना. बाहेर जाऊन मुख्य स्विच बंद केला म्हणून निभावलं. बोर्डावर लॅपटॉप, फोन, लॅम्प लाव, एवढंच. तापवायची वस्तू लावायची नाही, बोर्डाला दुसरा बोर्ड जोडायचा नाही, वायर गादीखालून न्यायची नाही. आणि फोन उशीखाली ठेवून चार्ज करणं आजपासून बंद. बॅटरीची उष्णता बाहेर जायला वाट लागते.

खोलीला ओल येते म्हणतेस. कपडे आत वाळवतेस ना? बादलीभर पिळलेल्या कपड्यांतलं लिटरभर तरी पाणी त्या खोलीच्या हवेतच जातं. हवेतली आर्द्रता 60 टक्क्यांच्या वर राहिली की कपाटामागे बुरशी धरते. कपडे आत घालायचेच असतील तर खिडकी उघडी आणि पंखा चालू हवा. कॉट आणि कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढ.

टेबलाचं थोडक्यात सांगते. लिहिशील त्या हाताच्या विरुद्ध बाजूने उजेड, पाय जमिनीला टेकलेले, लॅपटॉपची वरची कड डोळ्यांच्या रेषेत. त्यासाठी खाली जाड पुस्तकं ठेव आणि साधा वेगळा कीबोर्ड घे.

कॉटबद्दल मात्र मी थोडक्यात सांगणार नाही. तू कॉटवर जेवतेस, कॉटवर अभ्यास करतेस, कॉटवर रडतेस आणि मग विचारतेस की झोप का लागत नाही. रिचर्ड बूटझिन या मानसशास्त्रज्ञाने 1972 मध्ये निद्रानाशासाठी एक उपाय मांडला, तो आजही वापरला जातो. अंथरूण फक्त झोपेसाठी. झोप आली की पडायचं, वीसेक मिनिटांत लागली नाही तर उठून दुसरीकडे बसायचं, पेंग आली की परत. शरीराला जागेची सवय लागते. एका खोलीत दुसरीकडे म्हणजे कुठे, हे तू विचारशीलच. खुर्ची. सकाळी उठलीस की चादर घडी घालून वर जाड पलंगपोस अंथर. तो निघेपर्यंत तिथे झोपायचं नाही, वाचायचं नाही. हे तुला शिस्तीचं वाटेल, पण एका खोलीला दोन खोल्या करायचा दुसरा उपाय मला सापडलेला नाही. तुझी पुस्तकं बॅगेत आणि खुर्चीवर कपड्यांचा ढीग असेल तर हे जमणार नाही, म्हणून पुन्हा सांगते, बॅग रिकामी कर.

राहिली तुझी रूममेट. ती रात्री एक वाजेपर्यंत फोनवर बोलते आणि तू भिंतीकडे तोंड करून पडून राहतेस. ती मुलगी वाईट नाही. तिला तू सांगितलंच नाहीस. सांगायचं ते दिवसा, दोघींची पोटं भरलेली असताना, आणि नेमकं. "तुझ्या फोनचा त्रास होतो" असं नको. "मला सकाळी लवकर वर्ग असतो, अकरानंतरचे फोन बाहेर घेशील का? मी सकाळी उठून दिवा लावणार नाही, लॅम्पवर आवरीन." तू काय मागतेस आणि बदल्यात काय देतेस, दोन्ही एका दमात. त्याच बैठकीत बाकीचंही ठरवून घ्या: पाहुणे कधी, एकमेकींच्या कुठल्या वस्तूंना हात लावायचा, रात्री खिडकी किती उघडी. खिडकीवर मात्र तू अडून बस. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत 420 भागांच्या आसपास असतो. बंद खोलीत दोघी झोपलात की सकाळपर्यंत तो त्याच्या कितीतरी पट होतो, आणि ते जड डोकं घेऊन तुम्ही वर्गात जाता.

तुला हे सगळं तिच्याशी बोलता येईल की नाही, याची मला काळजी नाही. तू बोलकी आहेस, लहानपणापासून बघतेय. पण भरलेल्या बॅगेशेजारी बसून बोलू नकोस. तिला दिसतं ते. माझ्या रूममेटला तीन वर्षं दिसत होतं.

वर्ष संपायच्या आत तू कॉलेज बदललंस तरी माझी काही तक्रार नाही. बदल खुशाल. त्या दिवशी कपाट रिकामं करून बॅग भर, फार तर एक संध्याकाळ जाईल. पण ही मधली शंभर-दोनशे रात्रींची खोली तुझी आहे, फीदेखील भरली आहे. तिथे उंबऱ्यावर बसून राहू नकोस.

यादी सोबत परत पाठवतेय. रात्री कितीही वाजले तरी बॅग कुठे ठेवलीस तेवढं कळव, मी जागी असेन.

तुझी,
मावशी

ता. क. बॅगेच्या झाकणाच्या आत एक जाळीचा कप्पा असतो. तो रिकामा करायचा राहतो. माझ्या त्या कप्प्यात परतीचं एक कोरं तिकीट तीन वर्षं पडून होतं. तुझ्या कप्प्यात काय आहे ते बघ आणि तेही बाहेर काढ.