नऊ किलोचा खोका, बत्तीस किलोचं भाडं

प्रश्न : आम्ही नवरा-बायको कापडी लॅम्पशेड बनवतो. अख्खा ट्रक भरेल इतका माल कधीच नसतो, म्हणून पार्ट लोडने पाठवतो. मागच्या खेपेला २० खोके गेले, प्रत्येकी ६० × ४० × ४० सेंटिमीटरचे. मी स्वतः काट्यावर ठेवून पाहिलं, प्रत्येक खोका ९ किलो भरला. म्हणजे एकूण १८० किलो. बिल आलं ६४० किलोचं! शिवाय तीन खोके चेपून पोचले. भरपाई मागितली, तर "पोचेवर सही आहे तुमच्या गिऱ्हाइकाची" असं उत्तर. ताई, ही सरळ लूट नाही का? यापुढे पूर्ण ट्रकच करावा का?

उत्तर : तुमचा काटा बरोबर आहे आणि बिलही बरोबर आहे. ट्रक दोन तऱ्हांनी भरतो. नटबोल्ट भरले तर वजनाची मर्यादा आधी संपते आणि वर अर्धा ट्रक रिकामा दिसतो. लॅम्पशेड भरले तर ट्रक छतापर्यंत गच्च, आणि वजन जेमतेम. म्हणून खरं वजन आणि आकारमानाचं वजन यांत जे जास्त, त्यावर भाडं लागतं. तुमचा एक खोका ०.०९६ घनमीटरचा. रस्त्याने जाणाऱ्या मालाला घनमीटरमागे ३३३ किलो धरायचा प्रघात युरोपात रुळलेला आहे; त्या हिशेबाने खोका ३२ किलोचा झाला. विसांचे ६४०. तुमच्या ट्रान्सपोर्टवाल्याने हाच आकडा धरलेला दिसतो. कुरिअरवाल्यांसारखा घनसेंटिमीटरला ५००० ने भागून हिशेब केला असता, तर तोच खोका १९.२ किलोचा झाला असता. तेव्हा दर विचारताना 'किलोला किती' एवढ्यावर थांबू नका. घनमीटरला किती किलो धरता, ते आधी विचारा आणि लेखी घ्या. किलोचा दर कमी सांगून इथे वसूल करणारे मी खूप पाहिलेत.

आता माझा प्रश्न. तुमचे शेड वर निमुळते आहेत का? असतील तर एकात एक बसवा, मधे पातळ कागद घाला. एका खोक्यात दुप्पट शेड बसले, तर खोके दहा होतील. प्रत्येकी १८ किलोचे, म्हणजे ३२ च्या आतच, आणि भाडं ३२० किलोचं. इतकी बचत कुणाशी घासाघीस करून व्हायची नाही.

फक्त दहा खोके पाठवू नका. आठ पाठवा किंवा बारा. युरो पॅलेट, म्हणजे खोके रचायची लाकडी चौकट, १२० × ८० सेंटिमीटरचं असतं, त्यावर तुमचे खोके एका थरात बरोबर चार बसतात. दहा ठेवलेत तर वरच्या थरात दोनच उरतात, माथा सपाट राहत नाही. त्यावर दुसरा माल रचता येत नाही, आणि मग वरच्या रिकाम्या हवेचं भाडंही तुमच्याच नावावर पडू शकतं. 'यावर काही ठेवू नये' अशी चिठ्ठी लावली तरी तेच होतं. (चिठ्ठी वाचून कुणी ठेवायचं थांबतं, असंही नाही.)

चेपण्याचं कारणही यातच आहे. पार्ट लोडचा माल थेट जात नाही. तुमच्याकडून स्थानिक गोदाम, तिथून मोठ्या गाडीत, मग दुसरं गोदाम, मग छोटी गाडी, मग गिऱ्हाईक. प्रत्येक ठिकाणी चढ-उतार. सुटा खोका असेल तर प्रत्येक वेळी वेगळा हात, वेगळा शेजारी. कधी शेजारी लोखंडाचा. पॅलेटवर बांधलेले खोके फोर्कलिफ्टने एकदम उचलले जातात. रचताना विटांसारखे आडवे-तिडवे रचू नका. खोक्याची ताकद कोपऱ्यांत असते, म्हणून कोपऱ्यावर कोपरा आला पाहिजे. कडेबाहेर एक बोटही यायला नको. स्ट्रेच रॅप (ताणून गुंडाळायचं प्लॅस्टिक) गुंडाळताना खाली पॅलेटलाही दोन-तीन वेढे घ्या. नाहीतर खोके एका बाजूला आणि पॅलेट दुसऱ्या बाजूला, असं होतं.

सहीबद्दल सांगते. डिस्पॅचला लागले त्या पहिल्याच वर्षी मी एनॅमलच्या पत्र्यांच्या पोचेवर 'माल सुस्थितीत मिळाला' याखाली सही ठोकली. ड्रायव्हर घाई करत होता. संध्याकाळी उघडलं, तर अर्ध्या पत्र्यांचा मुलामा उडालेला. दावा फेटाळला गेला आणि साहेबांनी सगळ्यांसमोर माझी हजेरी घेतली. तेव्हापासून ड्रायव्हरला चहा देते, पण नग मोजल्याशिवाय आणि खोका फिरवून पाहिल्याशिवाय सही नाही. गिऱ्हाइकाला सांगून ठेवा : चेपलेलं दिसलं की पोचेवरच शेरा मारायचा, 'तीन खोके चेपलेले, क्रमांक अमुक', आणि तिथेच फोटो काढायचा. 'तपासून कळवू' असा मोघम शेरा फारसा उपयोगी पडत नाही. आतलं नुकसान उशिरा कळलं तर मुदत थोडी असते. युरोपातल्या देशांमधल्या वाहतुकीला लागू होणाऱ्या सीएमआर करारात ती ७ दिवसांची आहे, रविवार आणि सुट्ट्या सोडून.

याच करारात भरपाईला किलोमागे ८.३३ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) अशी मर्यादा आहे, आणि ती खऱ्या वजनावर. म्हणजे भाड्याला तुमचा खोका बत्तीस किलोचा आणि भरपाईला नऊ किलोचा! हलका पण महाग माल असेल तर मालाचा विमा वेगळा काढा.

पूर्ण ट्रक? वीस खोक्यांसाठी नको. एका खेपेला सहा-सात पॅलेट होऊ लागले, की दोन्हीचे दर मागवून शेजारी ठेवा.

प्रश्न : 'दोन दिवसांत पोचेल' असं सांगून माल सहाव्या दिवशी पोचला. गाडी तर एका दिवसात पोचते.

उत्तर : गाडी पोचते, माल थांबतो. त्या दिशेला जाणारी गाडी भरेपर्यंत तो गोदामात पडून असतो. शिवाय उचलल्याचा दिवस बहुधा मोजतच नाहीत, आणि सांगितलेली तारीख हा अंदाज असतो, हमी नव्हे. तारीख चुकवून चालणार नसेल, तर हमीची सेवा पैसे मोजून घ्या. आणि बुकिंग सुट्टीच्या आदल्या दिवशी केलं होतं का, ते आठवून पाहा.