अमंग असमध्ये मी इंपोस्टर नसलो तरी सगळे माझ्यावरच का उलटतात?

तुम्ही लिहिलंय की दर मीटिंगला तुमचंच नाव पुढे येतं, मग तुम्हीही चिडून दुसऱ्याचं नाव घेता आणि शेवटी बाहेर तुम्हीच जाता. हे मी फार जवळून पाहिलंय, म्हणून उत्तर देतोय. (नवख्यांसाठी: या ऑनलाइन खेळात जहाजावर प्रत्येकाला एक रंग असतो. बहुतेक जण क्रूमेट, ते टास्क म्हणजे नेमून दिलेली कामं करतात. त्यांच्यात लपलेले इंपोस्टर खून करतात. मीटिंगमध्ये सगळे मत देऊन एकाला बाहेर काढतात.)

इंदूरला रामबागेत आमचं घर. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आम्ही दहा चुलत-मावस भावंडं जेवणं झाली की कॉलवर जमून रोज खेळायचो. आता फक्त शनिवारी जमतं.

"तू मारलंस", "नाही, तूच मारलंस" यात कधीच पडू नका. जागा सांगा, म्हणजे जहाजावरच्या कोणत्या खोलीत होता ते. "मी ॲडमिनमध्ये कार्ड स्वाइप केलं, स्टोरेजकडे निघालो, वाटेत पिवळा दिसला." आणि हे तुमचं नाव निघायच्या आधी सांगा. एकदा नाव निघालं की खरं बोललात तरी ती सारवासारव वाटते.

कार्ड स्वाइप मुद्दाम म्हटलं, कारण ते कॉमन टास्क आहे. एका क्रूमेटला मिळालं की सगळ्या क्रूमेट्सना मिळतं. तुमच्या यादीत ते नसताना कुणी "मी कार्ड स्वाइप करत होतो" म्हणालं, तर तो खोटं बोलतोय. आमच्या ताईला आम्ही असंच पकडलं होतं. मेडबेचा स्कॅनही कामाचा. व्हिज्युअल टास्क (करताना इतरांना दिसणारी कामं) चालू असतील तर शेजारी उभ्या असलेल्याला तो दिसतो आणि इंपोस्टरला तो करता येत नाही. तेव्हा स्कॅनला जाताना कुणाला तरी सोबत न्या.

पण खरं दुखणं वेगळंच आहे. आमचा सगळ्यात धाकटा मावसभाऊ तेव्हा तेरा वर्षांचा, मुळातच अबोल. एका रात्री इलेक्ट्रिकलमध्ये बॉडी सापडली. सात जण उरलेले, त्यात दोन इंपोस्टर. दादा कॉलवर ओरडला, "भिया, पक्का यही है!" (आमच्याकडे भांडण रंगलं की मराठी घरातही हिंदीच येते.) धाकटा एवढंच म्हणाला, "मी नेव्हिगेशनमध्ये होतो." तेही हळू. नेव्हिगेशन म्हणजे जहाजाचं पार दुसरं टोक. चुलत बहीण तिथे त्याच्याबरोबर होती, पण आपल्यावर येईल म्हणून गप्प राहिली. सहाही मतं त्याच्यावर पडली, त्यात माझंही होतं. तो इंपोस्टर नव्हता. सातावर एक मत चुकलं की सहा उरतात, एक खून झाला की पाच, पुन्हा चुकलं की दोनास दोन, आणि अशी बरोबरी झाली की इंपोस्टर जिंकतात, खेळ संपला. आम्ही तसेच हरलो. हरल्याचं काही नाही, पण पुढचे चार दिवस तो कॉलवर आलाच नाही. आम्ही पुराव्यावर नाही, त्याच्या गप्प बसण्यावर मत दिलं होतं. मला त्याचं आजही वाईट वाटतं.

तेव्हापासून आमचा नियम आहे: मत द्यायच्या आधी प्रत्येकाने पाळीपाळीने फक्त आपली जागा सांगायची, मधे कुणी बोलायचं नाही. गट ओळखीचा असेल तर हा नियम घालाच.

लपलेला गुन्हेगार ओळखायच्या या खेळांचं मूळ 'माफिया', गटाने बसून खेळायचा खेळ. दिमित्री दाव्हिदॉफने तो १९८६-८७ च्या सुमारास मॉस्को विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागात काढला. मूठभरांना सगळं माहीत, बाकीचे अंधारात, ही त्याची मांडणी. म्हणजे निर्दोष माणूस चाचपडतच बोलणार. डोळ्यांनी काही न पाहता छातीठोक बोलणाऱ्याला विचारा, "कुठे पाहिलंस? कोणत्या दाराने गेला?" दादाला त्या रात्री कुणी हे विचारलं नाही. इंपोस्टर तोच होता.

अनोळखी लोकांच्यात असा नियम चालत नाही. तिथे मीटिंग सुरू होताच रंग, जागा आणि सोबत कोण एवढंच टाका. "हिरवा, मेडबे, गुलाबीसोबत." कुणी तुमचं नाव टाइप करायच्या आत हे चॅटवर दिसलं पाहिजे.